कैरी घातलेला गार पास्ता

दाराची बेल वाजली तेव्हा कौशल्या ओट्यापाशीच उभी होती, शेगडीकडे पाठ करून कोथिंबीर निवडत. बेल वाजून थांबली नाही. कुणीतरी बटणावर बोट दाबूनच धरलं होतं. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली भक्ती, नाकावर ओढणी धरलेली. “आंटी, गॅसनी वास आवे छे,” ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चपलांसकट आत शिरली. तिने शेगडी बंद केली, खिडकीची तावदानं सरकवली, बाल्कनीचं दार सताड उघडलं, आणि पंख्याच्या बटणाकडे गेलेला कौशल्याचा हात वरच्यावर धरला. चहा उतू जाऊन बर्नर विझला होता. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. भक्तीला जिना चढताना, बंद दाराच्या बाहेर वास आला होता. आणि कौशल्याची त्या शेगडीपासून हातभर अंतरावर अर्धी जुडी निवडून झाली होती. भक्तीने विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नाही? कौशल्या म्हणाली, सर्दी झालीय. भक्तीने तिच्या कोरड्या नाकाकडे पाहिलं. हवा मोकळी होईपर्यंत दहा मिनिटं ती तशीच बाल्कनीच्या दारात उभी राहिली, मग हलकेच दार ओढून गेली.

ती गेल्यावर कौशल्याने कोथिंबिरीची चार पानं चुरगळली आणि नाकाशी धरली. काही आलं नाही. वाईट आलं, शिळं आलं असंही नाही. बोटांना ओल लागली, नाकपुडीला गार लागलं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. मग तिने लसूण ठेचला. मग हिंगाची डबी उघडली. मग न्हाणीत जाऊन फिनेलच्या बाटलीचं झाकण काढलं आणि त्यावर वाकली. बाटलीवर डोकं वाकवून उभी असलेली स्वतःची सावली तिला फरशीवर दिसली, आणि एकदम सगळा हिशेब जुळला. जानेवारीत दहा दिवस ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, ताकद आली. त्यानंतर गोत्रीच्या भाजीवाल्याला तिने दोनदा सुनावलं होतं, की तुझ्या भाजीला हल्ली काही गुण राहिला नाही, सगळं हायब्रिड आणतोस. देवापुढची उदबत्ती बदलली होती. अंगाचा साबण बदलला होता. मोगऱ्याचा गजरा विकणाऱ्या बाईला, ही फुलं कालची आहेत, असं ठणकावून सांगितलं होतं, आणि ती बाई बिचारी नुसती बघत राहिली होती. अख्खं बडोदं बेचव झालं असं कौशल्याने चार महिने मानलं होतं, पण स्वतःच्या नाकावर संशय घेतला नव्हता. तसा घेण्याचं कारणही नव्हतं. आपण चुकतो असं तिला फारसं कधी वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर ती फारशी चुकतही नसे.

तिचं नाक हे जगतापांच्या घरात साधं नाक नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिची परीक्षा पदार्थ करायला लावून घेतली नव्हती. त्यांनी तिला मसाला भाजायला बसवलं होतं. मे महिन्यात वर्षाचा मसाला होई, सगळ्या भाऊबंदांचा एकत्र, आणि कढईतले धणे, तीळ, खोबरं, दगडफूल कधी उतरवायचं हे सासूबाई ठरवत. रंगावर जाऊ नकोस, त्या म्हणाल्या होत्या, रंग दिसला म्हणजे उशीर झाला. नव्या सुनेने पहिल्याच घाण्याला, सासूबाईंच्या आधी श्वासभर, “उतरवा” म्हटलं. बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कढई उतरवली, धणे चाखले, आणि पुढच्या वर्षापासून स्वतः मागे सरून बसल्या. पिलाजीराव जगताप सरकारी पागेत शिलेदार म्हणून बडोद्यास आले, ही गोष्ट त्या घरात जशी सांगितली जाई तशीच ही दुसरी गोष्टही सांगितली जाऊ लागली. कुणाकडे मटण शिजलं की चव सांगायला कौशल्या. लग्नाची वरण-आमटी उकळली की आचारी कौशल्याला शोधत येई. तूप जुनं की नवं, आंबा पाडाचा की पावडर मारलेला, कौशल्याला विचारा. तिला त्याचा गर्व होता का? होता. पण तो तिला गर्व वाटत नसे. उंच माणसाला आपली उंची वाटावी तसं ते होतं. आणि आता न्हाणीच्या फरशीवर उभं राहून तिला आठवलं, की मसाल्याला तीन आठवडे राहिले आहेत. सहा घरांचा मसाला. वर्षाचा.

तिला भीती वाटली ती त्या सहा घरांची नव्हे. तिला आठवेना, हे भीतीदायक होतं. भाजल्या धण्याचा वास तिला माहीत होता, जसं माहेरच्या नागरवाड्याच्या गल्लीचं वळण माहीत होतं. पण मनात तो आणायला गेलं की शब्दच येत, वास येत नसे. ती सोफ्यावर बसून एकेक वास आठवू लागली. वडिलांच्या खाकी कोटाचा, तान्ह्या बाळाच्या टाळूचा, रॉकेलचा. प्रत्येकाचं नाव येई, जागा येई, त्या वेळचा उजेडसुद्धा येई. घराच्या सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले आणि एकाही खोलीत माणूस नाही, असं ते होतं. तिचे यजमान जयवंतराव फिरून आले, त्यांनी चहा मागितला, तिने केला, त्यांनी पिऊन “छान” म्हटलं. या चार महिन्यांत तिने केवळ हाताच्या मापावर केलेल्या प्रत्येक भाजीला ते “छान” म्हणाले होते. त्याआधीच्या चौतीस वर्षांतही छानच म्हणाले होते. म्हणजे त्या शब्दाचा चवीशी कधी संबंधच नव्हता, हे तिला त्या दिवशी नव्याने कळलं, आणि रागाऐवजी थोडं हसूच आलं.

दुपारी भक्ती परत आली. या वेळी चपला बाहेर काढून, हातात झाकलेला वाडगा घेऊन. ती फिजिओथेरपीचं काम करी, दुपारी घरी येई, आणि उन्हाळ्यात शेगडीसमोर उभं राहायला नको म्हणून आठवड्यातून दोनदा हे करून फ्रिजमध्ये ठेवी. गार पास्ता होता. पास्ता कौशल्याने खाल्ला होता, लाल सॉसचा, मऊ, गरम, नातेवाइकांच्या मुलांच्या वाढदिवसाला. आणि मनातल्या मनात त्याला नापास केलं होतं. शेजारधर्म म्हणून तिने एक चमचा तोंडात घातला. तोंडात काहीतरी झालं. आधी थंड लागलं, दातांना. मग काकडी फुटली. मग मक्याचा गोड दाणा, मग लिंबू, मग मिरीचा चटका जिभेच्या मागच्या बाजूला, आणि या सगळ्यांच्या मध्ये तो पास्ता, दाबला की परत वर येणारा, दाताला किंचित अडणारा. मोहरीची पूड होती त्यात. ती नाकात चढली आणि डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत नाकाने पहिल्यांदा काही केलं होतं. कौशल्याने दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. चार महिने तिला अन्न म्हणजे कुणीतरी कापूस शिजवून वाढल्यासारखं झालं होतं, आणि ते तिला आत्ता, हे खाताना कळत होतं. वाडगा रिकामा झाल्यावर तिने भक्तीकडे पाहिलं आणि म्हणाली, “मला वास येत नाही. सर्दी नाहीये.” भक्ती म्हणाली, ते सकाळीच कळलं. मग तिने ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक होते. नाकात नळी घालून त्यांनी पाहिलं, आणि सांगितलं की तापात वासाची नस दुखावली आहे. कधी सहा महिन्यांत येतं, कधी दोन वर्षांत, कधी येत नाही. जीभ मात्र ठीक आहे. खारट, आंबट, गोड, कडू, हे तुमचं शाबूत आहे. तिखटाचा जाळ, थंड-गरम, कुरकुरीत-मऊ, हेही. बाकी सगळी चव म्हणजे नाक. कौशल्याने विचारलं, बाकी म्हणजे किती? ते म्हणाले, बहुतेक सगळी. ती रिक्षाने घरी आली. रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा शेजारी कचऱ्याची गाडी उभी होती आणि रिक्षावाल्याने तोंडाला रुमाल लावला. कौशल्या ताठ बसून राहिली. शाबूत, हा शब्द तिला आवडला होता. लढाईनंतर मोजदाद करावी तसा तो शब्द होता. चार उरले.

जगतापांचं स्नेहभोजन दर मेमध्ये, मुलांना सुट्टी लागली की, मांजलपूरला थोरल्या जाऊबाईंच्या, अहल्यावहिनींच्या, बंगल्यात असे. त्यांचा फोन आला तो नेहमीसारखाच, निरोप सांगितल्यासारखा. रविवारी दुपारी, बावीस पानं, आमरस-पुऱ्या इकडे, मटण तुझं. आणि मंगळवारी मसाला, म्हणजे दोन दिवस इकडेच राहा. वीस-बावीस वर्षं मटण कौशल्याचं होतं. मटणाच्या बाबतीत तिचं खोटं खपलं असतं. तिचा हात चुकत नव्हता, आणि कुणी तक्रार केली असती तर ती बकऱ्यावर ढकलता आली असती. पण सगळे तिच्या पानाकडे बघत असताना, आपल्याच हातचं, आपल्याला न कळणारं, तिने खायचं आणि मान डोलवायची, हे तिला जमणार नव्हतं. “वहिनी, या वेळी मटण तुम्ही करा,” ती म्हणाली. “मी गार पास्ता आणते.” मग अहल्यावहिनींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे, कौशल्या म्हणाली, ऊन फार आहे. हे दोन्ही खरं होतं. फोन ठेवल्यावर तिने स्वतःशी कबूल केलं, की यात थोडी लबाडी आहे. मटणाची चव बावीस माणसांना पाठ आहे. गार पास्ता कसा लागायला हवा हे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. तिथे तिला कुणी पकडू शकणार नव्हतं. पण लपायला म्हणून शोधलेल्या जागेत आपल्याला मोकळा श्वास घेता येतो आहे, हेही तितकंच खरं होतं.

पहिल्यांदा केला तो बिघडला. भक्तीने सांगितलं होतं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढा. कौशल्याने घड्याळाकडे बघितलं नाही, कारण घड्याळाकडे बघून ती जन्मात काही शिजवत आली नव्हती. पास्ता मऊ झाला, आणि गार झाल्यावर आणखी मऊ. दुसऱ्यांदा वेळ बरोबर साधली, पण निथळून तसाच ठेवला, तर तासाभराने त्याचा एक गोळा झाला, चाळणीचा आकार घेतलेला. तेल लावायचं राहिलं होतं. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं. घट्ट दह्याचा चक्का, लिंबू, तेल, मिरी, मोहरीची पूड, किंचित साखर, असं फेटून तिने त्यात कालवलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पास्ता सगळं दही पिऊन कोरडा होऊन बसलेला. जयवंतराव तिन्ही दिवस छान म्हणाले. पण कौशल्याला अपयशाने वाईट वाटत नव्हतं. किती वर्षांनी ती काहीतरी चुकत शिकत होती. उकळत्या पाण्यातून एकेक नळी काढून ती दाताखाली धरी. अजून कच्ची आहे, आत पांढरा ठिपका आहे. अजून. आता ठिपका गेला पण अडतेय, आत्ता. त्या “आत्ता”ला तिला ओळखीचं काहीतरी वाटलं, जुन्या घरात अंधारात पायाला नेमकी पायरी सापडावी तसं. पाण्यात मीठ किती, तर पाणीच चाखायचं; खारट हे शाबूत होतं. ढोबळी मिरची तिने वगळली, कारण तिच्यात नुसता पाणचट कडूपणा उरला होता. टोमॅटोच्या बिया काढल्या. पनीरचे बारीक तुकडे घातले, काकडी सालीसकट, मका. तरी काहीतरी कमी होतं, लिंबाचं आंबट वरवर धावत होतं, दातांत येत नव्हतं. फळांच्या टोपलीत लोणच्यासाठी आणलेल्या कैऱ्या होत्या. तिने एक कैरी सोलून डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे केले, मूठभर मिसळले, आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ले. कडकन आवाज झाला. आंबट दातांच्या मुळाशी गेलं, कानामागे शिरशिरी आली. हे भक्तीचं नव्हतं. हे आता तिचं होतं.

अडचण एकच होती, चक्का. दही बिघडलंय की नाही हे नाक सांगतं. तिने वाडगा जयवंतरावांपुढे धरला आणि वास घ्यायला सांगितलं. ते वाकले आणि म्हणाले, “छान आहे.” तेव्हा तिने वाडगा खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं, ताप, कोथिंबीर, गजरेवाली, आणि मग गॅस. गॅसचं ऐकून ते उठून स्वयंपाकघरात गेले, शेगडीपाशी उभे राहिले, भिंतीवर हात फिरवून वर छतापर्यंत बघितलं. आयुष्यभर रिफायनरीत त्यांनी यंत्रांचे काटे सांभाळले होते, कुठे गळती झाली तर घंटा वाजवणारी यंत्रं बसवली होती. त्यांनी शर्ट घातला, भर उन्हात स्कूटर काढून गेले, आणि दोन तासांनी मांडवीकडून एक पांढरी डबी आणि ड्रिल घेऊन आले. कुठे लावायची हे त्यांनी तीनदा मोजलं. भिंतीला भोक पाडताना, तिच्याकडे न बघता, म्हणाले, “माणसाचं नाक पोचत नाही तिथे आम्ही हेच लावायचो. त्यात कमीपणा नाही.” डबीवर हिरवा दिवा लागला. मग त्यांनी चक्क्याचा वाडगा परत उचलला, डोळे मिटून सावकाश वास घेतला, आणि कितीतरी वेळाने म्हणाले, ताजा आहे, पण छान म्हणजे काय हे मला नक्की सांगता येत नाही. कौशल्याला तो तिच्या संसारातला पहिला खरा अभिप्राय वाटला.

रविवारी सकाळी तिने पास्ता उकळला, गार पाण्याखाली धरला, तेल चोळलं. बाकी सगळं चिरून वेगळ्या डब्यात, कालवण वेगळ्या बरणीत, आणि हे सगळं एका मोठ्या पातेल्यात बर्फावर ठेवून रिक्षात मांडीशी घेतलं. निघता निघता भक्तीने पुदिन्याची जुडी हातात दिली होती, शेवटी घाला, सुंदर वास येतो. कौशल्याने एक पान चावून पाहिलं. गारवा जिभेवर कळला. पण लोक पुदिना म्हणतात ते या गारव्याला नव्हे, त्याच्या मागे आणखी काहीतरी असतं, एवढं तिला आठवत होतं. अहल्यावहिनींच्या जेवणघरात कूलर घरघरत होता, मटणाचं पातेलं मधोमध होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की ते दाणेदार, लाल, आणि अगदी बरोबर आहे. कौशल्याने कालवण ऐनवेळी मिसळलं, वर पुदिना तोडून टाकला. संपतकाका, घरातले सर्वांत वडील, वय चौऱ्याऐंशी, यांनी चमच्याने नळी उचलून, ह्या शेवयांना भोकं कुणी पाडली, असं विचारलं, आणि त्यांच्या कवळीला कैरी काही झेपेना. ते तुकडे त्यांनी ताटाच्या कडेला शिस्तीत मांडले. पण पास्ता त्यांनी परत मागितला. मुलांनी पुऱ्या सोडून तोच खाल्ला. बाहेरचं ऊन, आतलं मटण, आणि मध्ये हे गार. हळूहळू हात तिकडेच वळू लागले. अहल्यावहिनींची सून राजेश्वरी, जी एरवी सासूसमोर कशाची फार स्तुती करत नसे, म्हणाली, “काकी, पुदिन्याचा वास काय आलाय यात.” कौशल्या हसली. तिच्या पानातही तोच पदार्थ होता, त्याच डब्यातला. पण राजेश्वरी जे खात होती ते कौशल्याने कधी खाल्लं नव्हतं, आणि बहुधा खाणारही नव्हती. आपण केलेल्या पदार्थाची अर्धी बाजू आपल्याला न दिसता या खोलीत फिरते आहे आणि माणसांना आवडते आहे. तिला वाटलं होतं याने आपल्याला दुखेल. दुखलं, पण फार नाही.

जेवणं होऊन पानं उचलली गेली तेव्हा अहल्यावहिनी आतून एक कागदी पुडी घेऊन आल्या. मांडवीच्या व्यापाऱ्याने मंगळवारसाठी धण्याचा नमुना पाठवला होता. पोतं बांधून तयार होतं, तो फोनवर होता, हो म्हटलं की संध्याकाळी घरपोच. त्यांनी पुडी कौशल्याच्या तळहातावर उलटी केली आणि फोन कानाशी धरून म्हणाल्या, “सांग. नवे की जुने?” बोलणं थांबलं. असं दरवर्षी थांबत असे. कौशल्याने धणे दोन तळहातांत चोळले, सवयीने नाकाशी नेले, आणि तिथेच थांबली. दिसायला ठीक होते. हिरवट होते, किडके नव्हते. नवे म्हटलं तर दहात सात वेळा बरोबर निघालं असतं. आणि नसतं निघालं तर कुणाला कळलं असतं? सहा घरांतल्या भाज्या वर्षभर किंचित फिक्या लागल्या असत्या, आणि लोक भाजीवाल्याला बोलले असते, जशी ती बोलली होती. तिला त्या गजरेवालीचा चेहरा आठवला. तिने हात खाली घेतले.

“वहिनी, दिसायला नवे आहेत. वासाचं मला विचारू नका. जानेवारीपासून मला वास येत नाही.”

अहल्यावहिनींनी फोन छातीशी दाबला. “जानेवारीपासून,” त्या म्हणाल्या, “आणि मला सांगितलं नाहीस.” कौशल्या म्हणाली, मलाच तीन आठवड्यांपूर्वी कळलं. मग अहल्यावहिनींनी टेबलावरच्या मटणाच्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, पास्त्याच्या डब्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट जागेवर बसत गेलेली कौशल्याला दिसली. काय करायचं ते विचारणारा व्यापाऱ्याचा बारीक आवाज फोनमधून येत होता, बेन, शुं करवुं छे? सगळे दयेने बघतील अशी कौशल्याची कल्पना होती. त्यांच्या नजरेत दया नव्हती, घोर होता. देवघरातला दिवा विझला आणि काडेपेटी सापडत नाही अशा वेळी माणसं बघतात तसे ते बघत होते. त्यांना अजूनही उत्तर हवं होतं, तिच्याकडूनच. हे लक्षात आलं तेव्हा तिच्या पाठीच्या कण्यात जुनी ताठ रेघ परत आली. तिने राजेश्वरीला जवळ बोलावलं आणि धणे तिच्या हातात ओतले.

“चोळ. जोरात श्वास घेऊ नकोस. काय आलं?”

“धण्याचा वास आला.”

“ते नाव झालं. काय आलं ते सांग.”

राजेश्वरीने डोळे मिटले. सासू समोर, चुलतसासरे समोर. तिचे कान लाल झाले होते. “संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी,” ती शेवटी म्हणाली. “आणि लाकूड. कपाट उघडल्यावर येतं तसं.”

“संत्रं आधी आलं की कपाट?”

तिने परत चोळून, परत वाकून, सावकाश श्वास घेतला. कौशल्या तिच्या नाकपुड्यांकडे बघत होती. त्या किंचित फुलल्या, थांबल्या, परत फुलल्या. आणि तो वास आता पहिल्यांदा तिच्या मनात नावाशिवाय हलला, आलाच असं नव्हे, पण दाराशी कुणी उभं आहे हे कळावं तसा.

“कपाट आधी,” राजेश्वरी म्हणाली. “संत्रं अगदी मागून.”

“मग जुने आहेत. नको म्हणून सांगा.”

अहल्यावहिनींनी फोन कानाला लावला आणि व्यापाऱ्याला दोन वाक्यांत नकार दिला. त्याने बरीच कुरकुर केली, मग दुसऱ्या पोत्यातला नमुना पाठवतो म्हणाला, म्हणजे, एका बाईने विचारलं आणि दुसरीने सांगितलं, ते बरोबर होतं. जगतापांच्या घरात त्यावर लगेच चर्चा सुरू झाली, कुणाला कसा वास येतो, कुणाच्या आजोबांना येत नव्हता. पोरांनी पुडीतले उरलेले धणे हुंगून आपापली उत्तरं दिली, कुणी म्हणालं पेन्सिल, कुणी म्हणालं शाळा. कौशल्या आत जाऊन पास्त्याचा डबा विसळू लागली. राजेश्वरी मागून आली आणि डबा तिच्या हातातून घेऊन धुऊ लागली, आणि म्हणाली की मंगळवारी मला एकटीला कढईपाशी बसवू नका. कौशल्या म्हणाली, मी काय करू तिथे? राजेश्वरीने पाणी बंद केलं. “विचारा,” ती म्हणाली. “मघाशी विचारलंत तसं.” त्या रविवारी कौशल्या तिथे राहिली नाही, उत्तर न देता, डोकं दुखतंय असं सांगून, जयवंतरावांबरोबर घरी आली. चौतीस वर्षांची जागा एका वाक्यात सोडली होती, आणि नवी जागा अशी लगेच, धुतलेल्या डब्यासारखी हातात घ्यावी, हे तिला घाईचं वाटत होतं.

सोमवारी दुपारी अहल्यावहिनींचा फोन आला. नेहमीसारखाच, निरोप सांगितल्यासारखा. नवे धणे आलेत, राजेश्वरीने हुंगले, संत्रं आधी येतंय म्हणते. उद्या सकाळी आठला भट्टी लागेल. तू तिच्या शेजारी बस, रंग तू बघ, वास ती बघेल. कौशल्याने हो म्हटलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सहज निघालं. पण वहिनींनी फोन ठेवला नाही. भट्टीसमोर दुपारपर्यंत सगळ्यांचा जीव जातो, त्या म्हणाल्या, गरम कुणाला जेवण जात नाही. तुझं ते गार घेऊन ये, अकरा जणांना पुरेल एवढं.

“वहिनी, तुम्हाला आवडलं होतं का ते?” कौशल्याने विचारलं. रविवारी त्यांच्या पानाकडे बघायचं धैर्य तिला झालं नव्हतं.

“आवडलं म्हणून नाही सांगत. गार होतं म्हणून सांगतेय,” अहल्यावहिनी म्हणाल्या. मग थोडं थांबून, “कैरी जरा जास्त घाल.”

जास्त म्हणजे किती, हे कौशल्याने विचारलं नाही. आंबट तिला कळत होतं.